अर्ध्यावर थांबल्याची नोंद

वहीबाईंनी आयुष्यात एकाही डोळ्याला सुरी लावली नाही, तरी डोळ्याच्या पडद्याची चार हजारांवर ऑपरेशनं त्यांच्या हाताखालून गेली. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर. तिथे सिस्टर सहा होत्या, पण नोंदी ठेवण्याचं काम कुणालाच नको होतं; आणि ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या गळ्यात वही, हा नियम शाळेपासूनच चालत आलेला. बाईंचं अक्षर छापल्यासारखं. मग काय, सव्वीस वर्षं वही त्यांच्याकडे राहिली आणि नावही तेच पडलं.

कामाची पद्धत अशी. ऑपरेशन संपलं की सर्जन हातमोजे ओढून काढता काढता दोन-तीन वाक्यं बोलायचे, ती बाई कागदावर उतरवायच्या. कागदाच्या खालच्या भागात घड्याळाच्या तबकडीसारखं एक वर्तुळ छापलेलं असे, कडेने बारा आकडे. आत काय झालं ते त्यात रंगीत पेन्सिलीने दाखवायचं. हे चित्र सर्जनने काढावं असं नियमात होतं. नियम करणाऱ्याने सर्जन पाहिला नसावा. बाई समोरच्या टीव्हीवर अख्खं ऑपरेशन बघत असत, त्यामुळे चित्रही त्याच काढत आणि सर्जन खाली सही ठोकून पुढच्या टेबलाकडे जात. बाईंना त्यात काही चूक वाटत नसे. कुणालाच वाटत नसे.

इथे प्रश्न एकाच ऑपरेशनचा आहे, तेव्हा ते आधी सांगून टाकलेलं बरं. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला पडदा असतो. त्याच्या नेमक्या मध्यावर, म्हणजे ज्या जागेने आपण वाचतो आणि सुईत दोरा ओवतो तिथे, वय झालं की काहींना भोक पडतं. मग शब्दातलं मधलं अक्षर गायब होतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. उपाय असा की पडद्यावर जो अतिशय पातळ पापुद्रा असतो तो निळ्या रंगाने रंगवायचा आणि भोकाभोवतीने गोल, चिमट्याने सोलून काढायचा. त्याला पीलिंग म्हणतात. ताण सुटला की भोकाच्या कडा जवळ येतात. मग डोळ्यात गॅसचा फुगा सोडायचा. फुगा तरंगतो, म्हणून रुग्णाने तोंड जमिनीकडे करून राहायचं, म्हणजे तो बरोबर भोकावर टेकतो. दिवसाचे सोळा तास, असे सात दिवस. पालथं झोपायचं, नाहीतर टेबलावर कपाळ टेकून बसायचं. जेवतानाही मान वर नाही.

भोक मोठं असेल तर पापुद्रा सगळा काढून टाकत नाहीत. त्याचा एक तुकडा कडेला धरून ठेवतात आणि भोकावर उलटा पसरतात. या नखाएवढ्याही नसलेल्या तुकड्याने मोठमोठ्या माणसांना घोळात घातलं. खात्याचे प्रमुख मोठे सर त्याला ‘पदर’ म्हणत. दुसरे ‘झाकण’ म्हणत. तिसऱ्यांचा ‘रुमाल’, चौथ्यांची ‘पाकळी’, आणि बाहेर शिकून आलेले ते ‘फ्लॅप’. तीन इस्पितळांनी मिळून ठरवलं की आपापले रुग्ण एकत्र मोजू आणि मोठ्या भोकाला कोणती पद्धत चांगली ते बघू. तेव्हा पहिल्याच महिन्यात ध्यानात आलं की एकाचा रुमाल म्हणजे दुसऱ्याचं झाकण नव्हेच, आणि तिसऱ्यांनी ज्याला पाकळी लिहिलंय तिथे मुळात काही पसरलेलंच नाही. मग समिती बसली. काम एकच, या ऑपरेशनातल्या प्रत्येक गोष्टीला एक नाव ठरवायचं. अध्यक्ष मोठे सर. आणि सगळ्यांच्या जुन्या नोंदींत चित्रं फक्त याच इस्पितळाकडे असल्यामुळे बाईंना थिएटरमधून मोकळं करून समितीला जोडून दिलं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. बसायला खोली मिळाली ती पूर्वी चादरी ठेवायची. फळ्यांना अजून साबणाचा वास होता.

घरी तिघं. बाई, बस डेपोतून निवृत्त झालेला नवरा, आणि त्याची थोरली बहीण. बाई तिला वन्सं म्हणत, नवरा ताई म्हणे. वन्संचं वय अडुसष्ट. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होत्या, आणि निवृत्तीनंतरही घरी मुद्रितं येत. त्यांच्या हातून गेलेल्या पानात चूक राहिली असं कुणी म्हणू शकलं नाही. रस्त्यावरच्या पाट्या वाचतानाही त्या ओठातल्या ओठात दुरुस्त्या करत चालायच्या. जीभ तिखट. बाईंना त्या नावाने कधी हाक मारत नसत. प्रेमात असल्या तर ‘अगं’, नाहीतर ‘नर्सबाई’.

आठ वर्षांपूर्वी वन्संच्या उजव्या डोळ्यात असं भोक पडलं. ऑपरेशन मोठ्या सरांनी केलं. बाई नेहमीच्या जागी वही घेऊन उभ्या होत्या. महिन्याने तपासलं तेव्हा भोक तसंच. शिकाऊ डॉक्टरने विचारलं, “आजी, सतत पालथं होता ना?” वन्सं म्हणाल्या, “मधे मधे उठले.” झालं. डोळा का गेला याचं उत्तर सगळ्यांना मिळालं. पुन्हा ऑपरेशन करू म्हटलं तर वन्संनी हात जोडले. त्यानंतर घरात तो विषय निघाला की नवरा म्हणायचा, “ताई, तुझ्या हट्टाने गेला डोळा,” आणि आल्यागेल्याला बाईही सांगत, “आमच्या वन्संना पालथं राहणं जमलं नाही हो.” वन्सं कधी उलट बोलल्या नाहीत. बाकी प्रत्येक बाबतीत त्या उलटच बोलत.

समितीचं काम सुरू झालं त्याच सुमारास बाईंनी पाहिलं की वन्सं मुद्रित वाचताना ओळीखाली लोखंडी पट्टी धरताहेत.

“वन्सं, ओळ वाकडी दिसते का?”

“ओळ सरळच आहे. मीच वाकडी झालेय.”

“कधीपासून?”

“तुला काय करायचंय? तीन आठवडे झाले.”

दुसऱ्या दिवशी जवळजवळ ओढतच नेऊन डोळा तपासून आणला. डाव्या डोळ्यातही भोक, अजून लहान. पडद्याच्या खात्यात मोठ्या सरांच्या हाताखाली एक धाकट्या मॅडम होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, “लहान आहे तोवर करून घ्या. दोन महिने थांबलात तर मोठं होईल, मग खात्री देता येणार नाही.”

वन्सं म्हणाल्या, “मला नाही करायचं.”

“का?”

“पालथं राहायला मला जमत नाही. तुमच्या कागदावर लिहिलेलं असेल बघा. एक घालवला तेवढा पुरे, आता हा आपला आपण जाईल.”

घरी येऊन नवऱ्याने समजावलं, रागावला, शेवटी रडकुंडीला आला. “ताई, दोन्ही गेले तर वाचणार कशाने?”

“तू वाचून दाखव. अर्थात तुला जोडाक्षरं येत असतील तर.”

दोन महिने. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर काही खूण केली नाही, पण दिवस मोजायला त्यांना खूण लागत नसे.

समितीची बैठक दर शनिवारी. सात डॉक्टर, लांब टेबल, आणि टेबलाच्या टोकाला बाई, पुढ्यात कागदांचा गठ्ठा. पहिल्या तीन शनिवारी तर नुसती हमरीतुमरी चालली. प्रत्येकाला आपलाच शब्द शास्त्रीय वाटे.

“पदर म्हटलं की कसं डोळ्यासमोर येतं,” मोठे सर म्हणाले.

“तुमच्या येतं हो. आमच्याकडे रुमाल येतो.”

“रुमाल चारी बाजूंनी सुटा असतो. हा एका बाजूने धरलेला आहे.”

“मग माझं झाकण घ्या!”

बाईंनी बारा कागद टेबलावर मांडले. प्रत्येकावरचा मजकूर दुमडून झाकला आणि म्हणाल्या, “आता नुसती चित्रं बघा आणि सारखी दिसतात ती एकत्र ठेवा.” पाच मिनिटांत तीन गठ्ठे झाले. एका बाजूने धरलेला तुकडा, चारी बाजूंनी धरलेला, आणि पूर्ण सुटा करून ठेवलेला. तिन्हींना तीन नावं दिली. त्यात ‘पदर’ हरला आणि ‘फ्लॅप’ जिंकला. मोठे सर दोन दिवस फुरंगटून होते.

चौथ्या शनिवारी निकालांची नावं आली. भोक बंद झालं की ‘बंद’, नाही झालं की ‘उघडं’, यावर कुणी भांडलं नाही. पण पुढचा रकाना होता अपयशाच्या कारणाचा. एका इस्पितळात त्याला ‘पोझिशन पाळली नाही’ म्हणत, दुसऱ्यात ‘रुग्णाचा असहकार’. इथे मात्र शिक्काच होता, ‘पा. ना.’ म्हणजे पालथं नाही. पुन्हा पुन्हा लिहून हात दुखतो म्हणून बाईंनीच तो बारा वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या शिक्केवाल्याकडून करून घेतला होता.

“असहकार बरा,” मोठे सर म्हणाले. “छापायला भारदस्त. बाई, आपल्याकडे असे किती आहेत तेवढे मोजून ठेवा.”

सोमवारी बाईंनी मोजायला घेतले. अकरा वर्षांतली या प्रकारची ऑपरेशनं अकराशे चाळीस. भोक उघडं राहिलेल्यांचे कागद वेगळे काढले, त्यातले पा. ना.चा शिक्का असलेले आणखी वेगळे. त्रेसष्ट निघाले. टेबलावर मावेनात म्हणून चादरींच्या खोलीच्या फरशीवर ओळीने मांडले, आणि कंबर धरून उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदा ते एकदम दिसले.

निळं फार होतं.

चित्राची रीत अशी होती की पापुद्रा जिथे तसाच राहिला तिथे निळा रंग भरायचा आणि सोलला तिथे कोरं सोडायचं. भोक बंद झालेल्या कुठल्याही कागदावर भोकाभोवती गोल कोरी जागा असे, बारापासून बारापर्यंत. या त्रेसष्टांतल्या बऱ्याच कागदांवर ती गोल नव्हती. कुठे तीन ते आठ, कुठे नऊ ते एक. बाकी निळं. बाई गुडघे टेकून एकेक मोजत गेल्या. एकेचाळीस. आणि वरच्या ओळीत, त्यांच्याच छापल्यासारख्या अक्षरात, सगळ्यांवर एकच वाक्य: पीलिंग झालं.

तेवढ्यात काही आठवून त्यांनी एक कागद शोधला. वन्संचा. कोरी जागा दोन ते सहा. बाकी सगळं निळं, नीट एकसारखं भरलेलं, रेषेबाहेर कुठेही न गेलेलं. ते त्यांनीच भरलं होतं. आणि महिन्याने त्याच कागदावर शिक्काही त्यांनीच मारला होता, सरळ, अगदी चौकटीत.

दुसरी कुणी असती तर तशीच कागद नाचवत सरांकडे धावली असती. बाई धावल्या नाहीत. त्रेसष्टांतल्या बावीस कागदांवर कोरी जागा पूर्ण गोल होती, म्हणजे सगळं सोलूनही भोक उघडं राहिलेलं. ते कदाचित खरोखर उठून बसलेले असतील. बाईंनी स्वतःला विचारलं, हा शिक्का ठरतो कसा? ठरतो असा, की भोक उघडं दिसलं की शिकाऊ डॉक्टर विचारतो, सतत पालथं होता का. आणि सात दिवसांत एकदाही उठलो नाही असं छातीठोक सांगणारा माणूस अजून जन्मायचाय. तो म्हणतो, मधे जरा उठलो. मारला शिक्का. आणि भोक बंद झालेल्यांना? त्यांना हे कधी कुणी विचारतच नव्हतं. बरं झालेल्याला कोण छळणार?

मग बाईंनी विचारायला सुरुवात केली. दोन आठवडे सकाळी तपासणीच्या बाकांपाशी खुर्ची टाकून बसल्या आणि भोक बंद झालेल्या प्रत्येकाला गाठलं. डॉक्टर नसल्यामुळे लोक खरं बोलले.

“सोळा तास?” एक शिंपी म्हणाला. “बाई, मी दुसऱ्या दिवशी मशीनवर होतो. मान खालीच असते की आमची.”

एक आजोबा इकडेतिकडे बघून म्हणाले, “सुनेला सांगू नका. ती गेली की मी उताणा.”

एका शिक्षिकेने मात्र तासांची वही ठेवली होती आणि ती दाखवलीही. असे तीस जण झाले. सोळा तास इमानाने पाळलेले सात. बाकीचे तेवीस जण वन्संसारखेच उठबस करणारे, आणि भोक बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे चोरही कुणी नव्हता.

तोवर दोन महिन्यांतले पाच आठवडे गेले होते. पट्टी धरूनही वन्संना मुद्रित वाचायला दुप्पट वेळ लागत होता.

बाई मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या आणि कागद पुढे ठेवला.

“सर, हा बघा.”

“कुणाचा?” त्यांनी चष्मा चढवला. “पा. ना. बरं, मग?”

“शिक्का नका बघू. चित्र बघा.”

सरांनी पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. हात असा हलका की बाकीचे सर्जन आपापल्या आईला त्यांच्याकडे आणत. त्यांनी वर्तुळाच्या कडेने बोट फिरवलं.

“दोन ते सहा,” ते म्हणाले. “हे तुम्ही काढलंय?”

“चित्र माझं, सही तुमची.”

“तुमच्या नणंदबाई ना? आठवतंय मला. पडदा भिजलेल्या कागदासारखा झाला होता. सहाच्या पुढे ओढलं असतं तर फाटला असता, मग उजेडसुद्धा दिसला नसता. थांबलो मी.”

“थांबलात ते बरोबरच केलंत. पण मला लिहायला सांगितलंत पीलिंग झालं.”

“मग काय सांगणार होतो? झालं किंवा नाही झालं. आपल्याकडे तिसरा शब्द होता कुठे?”

“नव्हता. आणि ‘झालं’ म्हटल्यावर पुढे बिघडलं तर दोष कुणाचा? उरतो कोण, रुग्णच. त्याच्यासाठी मात्र शब्द होता. मी शिक्काच करून आणला होता.”

सर खुर्चीत मागे रेलले. “बाई, अर्ध्यावर थांबवलेली वेगळी मोजली तर आपलं इस्पितळ त्या दोघांच्या खाली दिसेल, कळतंय ना?”

“त्यांचे सर्जनही थांबत असतीलच की. त्यांच्याकडे चित्रं नाहीत, एवढाच फरक.”

सर हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, “आणखी किती आहेत असे?”

“एकेचाळीस.”

“सगळे माझे?”

“सव्वीस तुमचे. बाकी वाटून घेतलेत सगळ्यांनी.”

शनिवारी सरांनी स्वतःच विषय काढला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. बाईंनी एकेचाळीस चित्रं आणि तीस जणांची उत्तरं मांडली. दुसऱ्या इस्पितळाचे प्रमुख म्हणाले, एक सिस्टर बाकावर बसून गप्पा मारते त्याला संशोधन म्हणायचं का? बाई म्हणाल्या, नका म्हणू, पण मग तुमच्याकडच्या बऱ्या झालेल्यांना तुम्ही विचारा. कारणाचा रकानाच काढून टाकायचं ठरलं. डोळ्यात दिसलं तेवढंच लिहायचं, दोष कुणाचा ते लिहायचं नाही. पालथं राहण्याचे तास प्रत्येकाला विचारायचे, भोक बंद असो की उघडं, आणि तपासणीच्या आधी विचारायचे.

राहिला तिसरा शब्द. एकांनी ‘आंशिक आंतरसीमापटलोच्छेदन’ सुचवलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“डॉक्टर, हातमोजे काढता काढता हे म्हणून दाखवा.”

त्यांनी प्रयत्न केला. तिसऱ्या अक्षरापाशी सगळं टेबल हसायला लागलं. शेवटी यादीत छापलं गेलं ते असं: ‘पीलिंग अर्ध्यावर थांबवलं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, का.’ धाकट्या मॅडमही समितीत होत्या; त्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. “हे लिहायला लाज वाटणार नाही,” म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बाईंनी वन्संच्या कागदाची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. वन्संनी भिंग घेतलं, मान तिरकी करून कडेकडेने वाचलं.

“पा. ना. म्हणजे काय?”

“पालथं नाही.”

“दोन अक्षरांत निकाल. टिंबं मात्र बरोबर दिलीयेत. आणि हे निळं?”

बाईंनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, शिक्का कुणी केला तेही नाही. नवरा दारात उभा राहून ऐकत होता.

“म्हणजे नाचता येईना आणि अंगण वाकडं,” वन्सं म्हणाल्या.

“तसं नाही वन्सं. नाचता येत होतं. अंगणच खचायला आलं होतं, म्हणून ते थांबले. फक्त थांबलो म्हणून सांगितलं नाही.”

वन्संनी भिंग खाली ठेवलं. “पण मी उठले होते. रोज. तुम्ही दोघं संध्याकाळी बाहेर पडलात की खिडकीशी बसायचे. कधी तासभरही.”

“माहीत आहे.”

“तुला कसं माहीत?”

“खुर्ची रोज सरकलेली असायची.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की. शिक्का मारला.”

नवरा दारातून निघून गेला.

“मग नक्की कशाने गेला गं डोळा?” वन्संनी विचारलं.

“नक्की कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्यापेक्षा जास्त उठलेल्यांचे राहिलेत. सगळं तुमच्यावर ढकललं ते खोटं होतं, एवढं मात्र नक्की.”

“आठ वर्षांनी सांगतेस.”

“आठ वर्षं मला दिसलं नाही. चित्र मीच काढलं आणि मीच बघितलं नाही.”

पुढचे तीन दिवस वन्सं बाईंशी थेट बोलल्याच नाहीत. मधे भाऊ. “तुझ्या बायकोला सांग, चहात साखर नाही.” “तुझ्या बायकोला विचार, माझी लाल पेन्सिल कुठे ठेवली.” बाईंनी चहात साखर घातली, पेन्सिल शोधून दिली, माफी मागितली नाही. माफी मागून वन्संना काय करायचं होतं? त्यांना डोळा हवा होता, आणि दिवस सतरा उरले होते.

चौथ्या दिवशी सकाळी वन्सं बाहेरचे कपडे करून खुर्चीत बसलेल्या दिसल्या.

“ऐक नर्सबाई. त्या धाकटीकडून करून घेणार. कुठून कुठपर्यंत सोललं ते मी टेबलावरून उतरायच्या आत मला सांगायचं. अर्ध्यावर थांबली तर थांबली म्हणायचं, मी काही खाणार नाही तिला.”

“सांगते त्यांना.”

“आणि तू आत यायचं नाहीस.”

“का?”

“तुझ्या बघण्याचा मला भरवसा नाही.”

बाईंनी मान डोलावली. सव्वीस वर्षांत थिएटरच्या बाहेरच्या बाकावर त्या पहिल्यांदा बसल्या. बाक फारच अरुंद होता आणि समोरच्या घड्याळाचा काटा पाच मिनिटं मागे. हे इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही? नवरा शेजारी बसून हाताची बोटं मोडत होता. पन्नास मिनिटांनी धाकट्या मॅडम टोपी काढत बाहेर आल्या.

“बारा ते बारा,” म्हणाल्या. “आजींना आतच सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं.”

मग ते सात दिवस. वन्सं टेबलावर कपाळ टेकून फरशीशी बोलल्यासारख्या बोलत आणि त्यामुळे घरभर ऐकू जाई. जेवण कसं वाढावं, पाणी कुठे ठेवावं, भावाने चपला कुठे काढाव्यात. फरशीच्या फटीतली धूळ त्यांना दिसली आणि ती झाडून घेतल्याशिवाय त्या स्वस्थ बसल्या नाहीत. उठायच्या तेव्हा मात्र चोरून नाही. मोठ्याने हाक मारत, “उठले गं! घड्याळ बघ!” आणि पुन्हा वाकल्या की, “किती झाली?” बाई सांगत. वन्सं तो आकडा चाचपडत कागदावर लिहीत, भल्यामोठ्या अक्षरात.

तीन आठवड्यांनी तपासणी होती. नव्या यादीप्रमाणे शिकाऊ डॉक्टरने आधी तासांचं विचारलं. बाई वन्संच्या मागे उभ्या होत्या.

“दिवसाला सरासरी नऊ,” वन्सं म्हणाल्या.

त्याने बाईंकडे पाहिलं, मग आवाज उतरवून म्हणाला, “आजी, सोळा सांगितले होते. नऊ फार कमी दिसतील. चौदा लिहू का?”

“भोक बंद झालंय का?”

“अजून बघितलं नाही. आधी हे लिहायचं असतं.”

“मग नऊच लिहा.”

“आणि उघडं निघालं तर?”

“तरी नऊच.”

त्याने नऊ लिहिले. मग वन्संनी हनुवटी यंत्राच्या पट्ट्यावर टेकवली आणि खोलीतला दिवा बंद झाला. यंत्राची बारीक घरघर तेवढी चालू होती. पडद्याचं चित्र उमटलं तेव्हा डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली, मागे उभ्या असलेल्या बाईंकडे वळून जागा करून दिली आणि म्हणाला, “सिस्टर, बघता?”

“नको,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सांगा. त्यांना सांगा.”

“आजी,” तो म्हणाला, “बंद आहे.”

“कडा जुळल्यात? सगळीकडून?”

“सगळीकडून.”

“लिहा मग,” वन्सं म्हणाल्या, आणि हनुवटी न हलवता हात मागे करून त्यांनी बाईंचं मनगट धरलं, मग त्याच्या आधाराने उठल्या.